वेशीवरील यादी

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें गांव ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तेथील वेशी ठाऊक असतीलच. दिल्ली वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस, पोहा वेस अशीं त्यांचीं नांवें. ज्या दिशेचा रस्ता, त्या दिशेचें नांव. गांव व्यापारी व सधन होतें, आणि जेथें संपत्ति तेथें चोरांचें लक्ष, म्हणून तट व वेशी बांधणें प्राप्त झालें. लहान गांवांसहि निदान एक वेस आणि एक वेसकर असे. कोण आला, कोठून आला, कोणाकडे उतरणार, हें विचारल्यावांचून वेसकर परक्यास आंत सोडीत नसे. आणि तिन्हीसांजेनंतर तर नाहींच नाहीं.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचें कारण असें कीं, यंदा आपल्या शाळेच्या संगणक-वर्गांत एक लहानशी पेटी बसविण्यांत आली आहे. तिचें नांव फायरवॉल. ती बसल्यापासून विद्यार्थी कुरकुरतात कीं अमुक पान उघडत नाहीं. आणि पालक-सभेंत कांहीं पालकांनीं उलट मागणी केली कीं, जेवढें म्हणून संशयास्पद असेल तेवढें सर्व एकदम बंद करून टाका, म्हणजे काळजी मिटली. या पेटीची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळें दोन्ही पक्षांस माझें मत सांगणें मी आपलें कर्तव्य समजतों. मत थोडक्यांत असें: वेस पाहिजे, वेशीवर यादीहि पाहिजे, परंतु ती यादी कोणीं केली, कां केली व केव्हां तपासली, हें विचारणारा मनुष्यहि तितकाच पाहिजे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. इंटरनेटवर जें कांहीं जातें-येतें, मग तें पत्र असो, चित्र असो कीं बोलणें असो, तें लहान लहान तुकड्यांनीं जातें. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. आगगाडीनें पाठविलेल्या पार्सलावर जसा पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो, तसा प्रत्येक पॅकेटवर दोघांचाहि आंकड्यांत लिहिलेला पत्ता असतो. हाच आयपी पत्ता. शिवाय आपण कोणत्या कामासाठीं आलों हें सांगणारा एक क्रमांक असतो, त्यास पोर्ट म्हणतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तींत एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होऊं शकतात. जगाची गरज याहून वाढली म्हणून सहावी आवृत्ति निघाली. तरी चौथी अद्याप चालूच आहे. फायरवॉल ही पेटी येणारें प्रत्येक पॅकेट थांबवून त्यावरील पत्ता व क्रमांक वाचते, आणि आपल्याजवळील नियम बहुधा वरून खालीं एकामागून एक लावून पाहते. जो नियम प्रथम लागूं पडेल त्याप्रमाणें तें पॅकेट ती आंत सोडते किंवा टाकून देते. या नियमांतच एक यादी असते: ज्या पत्त्यांवरून पूर्वीं उपद्रव झाला आहे, अशा पत्त्यांची. तिला ब्लॉकलिस्ट म्हणतात. पत्ता यादींत सांपडला कीं पुढील चौकशी नाहीं; पॅकेट तेथेंच संपलें.

ही युक्ति फार जुनी नाहीं. इ. स. १९८८ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस अमेरिकेंतील रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. त्या काळीं इंटरनेटवर सुमारें ६०,००० संगणक होते. त्यांपैकीं सुमारें ६,००० बाधित झाले असावेत असा अंदाज आहे. पॅकेट तपासून अडविण्याची योजनाहि त्याच सुमारास पुढें आली. पुढें १९९७ सालीं पॉल व्हिक्सी या गृहस्थांनीं नको असलेलें ई-टपाल पाठविणाऱ्या पत्त्यांची यादी इतरांस वापरतां येईल अशा रीतीनें उपलब्ध केली, आणि १९९८ सालीं स्पॅमहाउस ही संस्था याच कामासाठीं निघाली. यादी करणाऱ्यांचा उपद्रवी लोकांस किती राग येतो पाहा: २०१३ च्या मार्चमध्यें खुद्द स्पॅमहाउसवरच सेकंदास सुमारें ३०० गिगाबिट एवढा निरर्थक माहितीचा लोंढा सोडण्यांत आला होता. ज्या यादीचा चोरांस इतका जाच होतो, ती निरुपयोगी नाहीं हें उघड आहे.

कोणी म्हणेल, आमच्या लहानशा शाळेवर कोण धाड घालणार? मलाहि असेंच वाटत होतें. दिवाळीच्या सुटींत एके रात्रीं मी पेटीची नोंदवही, म्हणजे तिचा लॉग, उघडून बसलों. शाळेंत चिटपांखरूं नव्हतें, सर्व संगणक बंद होते. आणि तरीहि आमच्या दारावर थापा पडतच होत्या. कोणी या क्रमांकाचें दार लोटून पाही, कोणी त्या. मध्यरात्र उलटली तरी त्या थांबल्या नाहींत. हे लोक वाशीमचें नांवहि जाणत नसतील. त्यांचीं यंत्रें जगांतील पत्त्यांवर ओळीनें हात लावून पाहतात, आणि जें दार उघडें सांपडेल त्यांत शिरतात. गरिबाचें घर म्हणून तें सोडून देण्याची त्यांची रीत नाहीं. कारण फोडलेल्या एका घराचा उपयोग दुसरें घर फोडण्यास होतो. असें अंकित झालेलें यंत्र इतर हजारों यंत्रांच्या टोळींत सामील केलें जातें, आणि त्या टोळीस बॉटनेट म्हणतात. अशा यंत्रांचा शोध लावून त्यांस रोगमुक्त करण्यासाठींच भारत सरकारनें २०१७ च्या फेब्रुवारींत सायबर स्वच्छता केंद्र काढलें.

मोठ्यांचीं उदाहरणें तर सर्वांसमोर आहेत. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाच्या मालवेअरनें मर्स्क या जहाज-कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरांतील तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलाचें कामहि त्यामुळें खोळंबलें. २०२५ च्या मे महिन्यांत भारत व पाकिस्तान यांच्यांत संघर्ष चालू असतां देशांतील संकेतस्थळांवर सुमारें १५ लाख हल्ले झाले व त्यांपैकीं १५० च काय ते साधले, असें महाराष्ट्र सायबर या राज्य सरकारच्या शाखेनें जाहीर केलें. कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेचें संकेतस्थळ हें त्या साधलेल्यांतलें एक. बाकीचे जवळजवळ सर्व दारावरूनच परतले. त्यांत अशा वेशींचा व याद्यांचा वांटा मोठा असला पाहिजे. तेव्हां ‘ही पेटी काढून टाका’ असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांस माझें उत्तर एवढेंच कीं, तें होणें नाहीं.

येथवर यादीची एक बाजू झाली. आतां दुसरी.

इ. स. १६७० मध्यें शिवाजी महाराजांच्या फौजेनें कारंजा लुटलें. स्त्रियांच्या अंगास हात लावावयाचा नाहीं, ही महाराजांची ताकीद सर्वश्रुत होती. म्हणून गांवांतील कांहीं धनिक स्त्रीवेष घेऊन निसटून गेले, असें इतिहासकार लिहितात. नियम थोर होता व तो कसोशीनें पाळला गेला. परंतु नियम वेष पाहतो हें ज्यांनीं ओळखलें, त्यांनीं वेषच बदलला. यादीचेंहि असेंच आहे. ती पत्ता पाहते. पत्त्यामागील हेतु तिला दिसत नाहीं. आजचा चोर घटकेघटकेस पत्ता बदलतो, भाड्यानें नवा घेतो, किंवा एकाद्या भोळ्या गृहस्थाच्या बाधित यंत्राआडून येतो. यादींत कालचे चोर असतात. आजचा बहुधा नसतो.

आणि चोर एकदां आंत येऊन बसला, तर दरवाजावरची यादी काय करणार? पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालीं स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं अवघ्या कांहीं तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून तिच्या नांवाच्या बनावट कार्डांनीं पैसे काढण्यांत आले, आणि १३ तारखेस आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत वळविण्यांत आले. एकंदर रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. चोरांनीं बँकेच्या खऱ्या यंत्रणेच्या बाजूस आपली एक खोटी यंत्रणा उभी केली होती, आणि ‘पैसे द्या’ असा होकार तीच देत राहिली. यावरून शिकण्यासारखें हें कीं, वेसकरानें आंत येणाराकडे पाहावें तितकेंच बाहेर जाणाराकडेहि पाहावें. आपल्याच घरांतील यंत्र अपरात्रीं अनोळखी पत्त्याशीं कां बोलत आहे, हा प्रश्न ‘बाहेर कोण आहे?’ या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाहीं.

परंतु यादीचा याहूनहि मोठा दोष निराळाच आहे. तो मला ज्या प्रसंगानें कळला तो सांगतों. कारण आपली चूक झांकून ठेवून हा लेख लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पेटी बसल्यावर उत्साहाच्या भरांत मीं फुकट मिळणारी एक भली मोठी परदेशी यादी न वाचतां जशीच्या तशी तिच्यांत भरली. जितके पत्ते अधिक तितकी सुरक्षितता अधिक, असा माझा हिशेब. त्याच सुमारास नववींतील एका विद्यार्थिनीस शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. तिचे वडील एका तांड्यावरून एस. टी. नें आले, मजुरी बुडवून आले. पान उघडेना. मीं सांगितलें, “तें संकेतस्थळ बंद दिसतें, उद्यां या.” दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां आले, पुन्हां तेंच. तिसरा दिवस मुदतीचा शेवटचा. त्या दिवशीं मुलीनें बस-स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत तोच अर्ज दहा मिनिटांत भरला, आणि पावती आणून माझ्या टेबलावर ठेवली. ती कांहीं बोलली नाहीं. मीं लॉग काढून पाहिला. संकेतस्थळ एक क्षणहि बंद नव्हतें. तें मींच बंद केलें होतें. ज्या पत्त्यावर तें पान होतें, त्याच पत्त्यावर इतरहि पुष्कळ संकेतस्थळें नांदत होतीं, आणि त्यांतील कोणा एकाच्या अपराधासाठीं तो सबंध पत्ता यादींत गेला होता. त्या गृहस्थांचे दोन दिवसांचे रोज आणि चार वेळचें गाडीभाडें माझ्या आळसापायीं बुडालें. दुकान नसतें तर मुलीची शिष्यवृत्तीहि बुडाली असती.

उलट दिशेनेंहि असेंच घडतें. पत्ते अपुरे पडतात, म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागें अनेक ग्राहक ठेवितात. त्यांतील एकाचा फोन बाधित झाला व पत्ता कोणाच्या यादींत गेला, तर बाकीच्या निरपराध माणसांपुढेंहि दार बंद होतें. कोणीं बंद केलें, कशासाठीं, आणि दाद कोणाकडे मागावी, हें त्यांस कळत नाहीं. ज्याच्याजवळ दुसरी वाट आहे तो त्या वाटेनें जातो. ज्याच्याजवळ एकच फोन आणि एकच दिवस आहे, तो मागें राहतो.

अशी यादी आपल्या देशानें माणसांचीहि केली होती, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ व १९२४ सालीं तो अधिक व्यापक केला. निरनिराळ्या प्रांतांत पारधी, कैकाडी, कंजारभाट, कांहीं ठिकाणीं लमाण, अशा जमातीच्या जमाती यादींत घातल्या गेल्या. त्यांत जन्मास आलेलें मूल जन्मापासूनच संशयित ठरे. मोठ्यांनीं हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं. सोलापुरासारख्या ठिकाणीं तर तारेच्या कुंपणांतल्या वसाहती होत्या. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अशा कित्येक वसाहतींची व्यवस्था मिशनऱ्यांच्या संस्थांकडे होती. त्यांच्यांतील पुष्कळांचा हेतु चांगला होता; परंतु यादीच अन्यायाची असली, तर ती प्रेमानें राखल्यानें न्यायाची होत नाहीं. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. यादी फाटली, पण तिचा डाग अजून पुरता पुसला नाहीं. आजहि चोरी झाली कीं प्रथम कोणाच्या पालांकडे बोट जातें, तें आपण सर्व जाणतों.

आणखी एक गोष्ट. आपल्या खेड्यांत वेस राखण्याचें काम बहुधा महारांकडे असे. साऱ्या गांवाची झोंप त्या वेसकराच्या जागरणावर अवलंबून. आणि त्याचें स्वतःचें घर मात्र वेशीबाहेर. आंत कोण व बाहेर कोण हें ठरविण्याचा अधिकार त्यास कधींच नव्हता. दुसऱ्यांनीं ठरविलेलें तो राखीत होता. यंत्राच्या पत्त्याची व मनुष्याची बरोबरी नाहीं, हें मी जाणतों. पत्त्यास भूक लागत नाहीं, अपमान वाटत नाहीं. परंतु पत्त्याआड कोणीतरी मनुष्यच बसलेला असतो, हें मला त्या पावतीनें शिकविलें.

मग करावें काय? माझ्या मतें यादी ठेवावी, पण पांच नियमांनीं बांधलेली ठेवावी. पहिला: कारण लिहिल्यावांचून कोणताहि पत्ता यादींत घालूं नये. दुसरा: प्रत्येक नोंदीस तारीख व मुदत असावी, मुदतींत पुन्हां उपद्रव झाला नाहीं तर नोंद आपोआप गळून पडावी. तिसरा: दोष ज्या पत्त्याचा तोच अडवावा, एका घरांत चोर सांपडला म्हणून सबंध गल्लीस कुलूप लावूं नये. चौथा: ज्यास अडविलें त्यास दाद मागण्याची जागा असावी, आणि तेथें उत्तर देणारा मनुष्य असावा. चांगल्या याद्या चालविणाऱ्या संस्था नांव काढून घेण्याची रीत ठेवितात. ज्या ठेवीत नाहींत त्यांची यादी घेऊं नये. पांचवा: पेटीची नोंदवही नीट राखावी व वाचावी. आपल्या देशांत सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून हें काम पाहते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशांनीं कंपन्या, सरकारी संस्था इत्यादिकांस लॉग १८० दिवस जपून ठेवणें व ठराविक प्रकारचे हल्ले लक्षांत आल्यापासून ६ तासांत कळविणें बंधनकारक झालें आहे. जपून ठेवलेली नोंद चोर पकडण्यास उपयोगी पडते. आणि चुकीनें अडविलेल्या सज्जनास मोकळें करण्यासहि तीच उपयोगी पडते.

यावर आक्षेप येईल कीं, दारावर दरोडेखोर उभा असतां कारणें व मुदती लिहीत कोण बसेल? आक्षेप खरा आहे. रुग्णालय, बँक, वीजकेंद्र अशा ठिकाणीं आधीं अडवावें व मग चौकशी करावी, हेंच शहाणपणाचें. माझें म्हणणें एवढेंच कीं, ‘मग’ हा शब्द विसरला जाऊं नये. घाईनें अडविण्यांत पाप नाहीं. अडविल्यावर मागें वळून न पाहण्यांत आहे.

जे पालक ‘सर्वच बंद करा’ म्हणतात, त्यांस नम्रपणें सांगावयाचें तें असें. ही यादी चोरांसाठीं आहे. मुलांच्या जिज्ञासेसाठीं नव्हे. मुलानें काय वाचावें याविषयीं आपण त्याच्याशीं बोललें पाहिजे. तें बोलणें पेटीवर सोंपवूं नये. दुसरें असें कीं, घरची वेस आपण स्वतःच उघडीत असूं, तर शाळेची पेटी काय करील? अलीकडे व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नांवानें, वाहनाच्या दंडाच्या चलानाच्या नांवानें, पी. एम. किसानच्या नांवानें एपीके अशी फाइल येते. ती उघडून बसवून घेतली कीं फोनचें राज्य चोराच्या हातीं जातें. येथें चोर तट फोडीत नाहीं. घरधनीच त्यास हात धरून आंत आणतो. म्हणून अशी फाइल कोणीं, अगदीं नातलगानें पाठविली तरी, उघडूं नये. फोनवर येणाऱ्या सुधारणा, म्हणजे अपडेट, वेळच्या वेळीं घ्याव्या. घरच्या राउटरचा पासवर्ड विकत आणतांना होता तोच राहूं देऊं नये. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितकी घाई अधिक, तितकी रक्कम वांचण्याची आशा अधिक.

ती परदेशी यादी मीं काढून टाकली, आणि तिच्या जागीं लहान, कारणें व तारखा असलेली यादी ठेवली. थापा अजूनहि पडतात. वेस टिकून आहे. संगणक-वर्गाच्या दाराशीं एक वही ठेवली आहे. जें पान उघडावयास पाहिजे व उघडत नाहीं, त्याचें नांव विद्यार्थ्यांनीं तींत लिहावें. त्याच दिवशीं मी तपासून उत्तर लिहीन. उत्तर ‘नाहीं’ असेल तर कारणहि लिहीन.

त्या विद्यार्थिनीचे वडील पुढें पालक-सभेस आले, तेव्हां मीं त्यांची क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, “यंत्राले काय समजते, सर? आपन सांगतो तेवढंच ते करते.” त्यांनीं तें मला धीर देण्यासाठीं म्हटलें. मीं मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या मुलीच्या अर्जाची तारीख लिहून ठेवली आहे.